जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या कॉइल तपासायला स्वस्तातला एलसी मीटर: घ्यावा की नाही

आधीच सांगून टाकतो, एलसी मीटर, म्हणजे कॉइलचं इंडक्टन्स (एल, हेन्रीत) आणि कंडेन्सरची कपॅसिटी (सी, फॅरडमध्ये) मोजणारा मीटर, चांगला आहे. पण "माझ्या रेडिओतली कॉइल गेलीय का" एवढंच कळावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, कारण ते काम तो अर्धंच करतो आणि ते अर्धं काम तुमच्या घरातला साधा मल्टिमीटर फुकटात करून देतो. कॉइल रिवाइंड करणार असाल, जुन्या बाजारातून सुट्या कॉइल उचलत असाल, किंवा सर्किट डायग्रॅम नसलेला सेट समोर असेल, तर मात्र डोळे झाकून घ्या.

कुठला मीटर ते सांगतो. दोन ओळींचा निळा स्क्रीन, तीन-चार दाबायची बटणं, यूएसबी केबलवर चालतो, एका बाजूने लाल-काळ्या वायरी आणि मगरक्लिपा. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, तोच बोर्ड वेगवेगळे विक्रेते वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकतात, काही ठिकाणी डबीसकट, काही ठिकाणी नुसता उघडा बोर्ड. मला दीड ते दोन हजारांच्या मध्ये पडला, रोज भाव बदलतो त्यामुळे त्या आकड्यावर भांडू नका. मायक्रोहेन्रीच्या अंशापासून १०० मिलिहेन्रीपर्यंत एक रेंज, मोठ्या इंडक्टन्सला वेगळी रेंज, आणि कंडेन्सर मोजायची सोय.

आत काय चालतं ते कळलं की त्याच्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा हेही कळतं, म्हणून थोडक्यात. आत एक छोटा ऑसिलेटर आहे, काहीच लावलेलं नसताना साधारण ५०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारा. तुमची कॉइल लावली की फ्रिक्वेन्सी खाली येते आणि ती किती खाली आली त्यावरून आतला चिप इंडक्टन्स काढतो. म्हणजे कॉइलची परीक्षा तो रेडिओ फ्रिक्वेन्सीवरच घेतो, आपल्या आयएफपासून, म्हणजे रेडिओ प्रत्येक स्टेशनचा सिग्नल आत ज्या ठरावीक ४५५ किलोहर्ट्झवर आणतो तिच्यापासून, फार लांब नाही. महागडे हातातले एलसीआर मीटर बरेचदा १ किलोहर्ट्झवर मोजतात, तिथे शॉर्टवेव्हची आठ-दहा वेढ्यांची कॉइल म्हणजे नुसता तारेचा तुकडा, तिचं इंडक्टन्स त्यांना दिसणार कसं.

आणि तो तीन पायांचा ट्रान्झिस्टर टेस्टर, जो सगळ्यांकडे असतोच, त्याच्यावर कॉइल मोजून "शॉर्ट आहे" म्हणून फेकून देणारे लोक आहेत. अहो, त्याचा सगळ्यात बारीक आकडा ०.०१ मिलिहेन्री, म्हणजे १० मायक्रोहेन्री. मीडियमवेव्हची कॉइल तो ०.१८ वगैरे दाखवतो, आयएफटी (त्या ४५५ च्या आयएफचा, डब्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर) सुद्धा बरी दाखवतो, पण शॉर्टवेव्हची कॉइल लावली की सरळ रेझिस्टरचं चित्र काढून मोकळा. कॉइल बिचारी ठणठणीत असते.

आता किती यायला पाहिजे. ५०० पिकोफॅरडची गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर, असेल आणि डायल ५३० किलोहर्ट्झला सुरू होत असेल, तर मीडियमवेव्हच्या एरियल कॉइलची सेकंडरी (गँगला जोडलेलं वाइंडिंग) १८० मायक्रोहेन्रीच्या आसपास हवी, गणित मांडून बघा, बरोबर बसतं. सेटमधल्या ऑसिलेटरची कॉइल त्याहून कमी, शंभरच्या आसपास, कारण तिला स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा ४५५ ने वर पळायचं असतं. आयएफटीच्या डब्यात १०० ते ११० पिकोफॅरडचा कंडेन्सर असेल तर कॉइल १.१ मिलिहेन्रीच्या जवळ. शॉर्टवेव्हची सहा ते अठरा मेगाहर्ट्झवाली फक्त १.२ मायक्रोहेन्रीच्या घरात. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, कुठलाही सेट घ्या, आकडे याच टापूत फिरतात, गँग आणि आयएफ बदलली की थोडं इकडेतिकडे.

आता मोजताना काय घोळ होतो ते बघा, कारण मीटरला शिव्या घालणारे बहुतेक रिव्ह्यू याच घोळातून आलेत. कॉइल सेटमध्ये तशीच ठेवून मोजली तर आकडा खोटा येणार. गँगच्या पट्ट्या पूर्ण आत असताना वरचीच १८० ची कॉइल हा मीटर २४० च्या पुढे दाखवतो, कारण ५०० पिकोफॅरड तिच्या डोक्यावर बसलेले आहेत. आयएफटीत आतला कंडेन्सर न सोडवता मोजलं तर दहाएक टक्के जास्त. त्यामुळे एक टोक सोडवायचंच, दुसरा उपाय नाही. कॉइल सोडवायचा कंटाळा येतो हे मान्य, जुना टॅग (वायरी सोल्डर करायची पत्र्याची पट्टी), त्याच्यावर चार वायरींची गाठ, आणि केसासारखी तार तापली की तुटते, म्हणून मी शक्यतो कॉइलची तार सोडवतच नाही, त्या टॅगवरून बाहेर जाणारी जाड वायर सोडवतो.

शॉर्टवेव्हला आणखी काळजी. मीटरसोबत आलेल्या वायरींचंच इंडक्टन्स ०.३ मायक्रोहेन्रीच्या आसपास भरतं आणि मोजायचं आहे १.२, म्हणजे क्लिपा एकमेकींना जोडून झिरो केल्यावर वायरी हलवल्या, फाकवल्या की आकडा बदललाच. मी त्या वायरी कापून बोटभर ठेवल्या आणि क्लिपा चांगल्या लावल्या. मुळातल्या क्लिपा म्हणजे पत्रा नुसता, दात धड मिटत नाहीत. शिवाय चालू केल्याकेल्या झिरो करू नका, थोडा वेळ गरम होऊ द्या, नाहीतर झिरो सरकत राहतो.

आता मुख्य तक्रार. पाच व्हॉल्व्हचा पन्नासच्या दशकातला एक सेट माझ्याकडे आला, मीडियमवेव्हवर पुणे केंद्र लागतं पण दबकं, आणि ट्यूनिंग इतकं पसरट की ७९२ वरचं पुणं डायलवर आजूबाजूला ऐसपैस मांडी ठोकून बसलेलं. ज्यांच्याकडचा सेट ते काका म्हणाले व्हॉल्व्ह गेले असतील, सगळे बदला. व्हॉल्व्ह ठीक होते. आयएफ ४५५ वर व्यवस्थित. राहिली एरियल कॉइल. एलसी मीटर लावला, १७८. एकदम पास. आता नुसत्या मीटरच्या भरवशावर राहणारा माणूस इथून पुढे कॉइलकडे परत बघणारच नाही, आयएफटीच्या मागे लागेल आणि संध्याकाळ वाया घालवेल. पण साध्या मल्टिमीटरवर तीच सेकंडरी ९ ओहम दाखवत होती आणि या जातीच्या कॉइलला ते जास्त वाटतं. भिंग घेऊन टॅगपाशी बघितलं तर लिट्झ वायर, म्हणजे एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या बारीक तारांचा पीळ, वर रेशमाचं वेष्टण. सात पदर. त्यातले तीनच टॅगला पोचत होते, बाकीचे चार हिरव्या गंजात संपलेले, वरून मेणाचा थर असल्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं. सातही पदर परत जोडले, आता ४ ओहम, आणि पुणं आपल्या जागेवर. एलसी मीटर? पुन्हा १७८. त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं!

यात मीटरची चूक नाही. वेढे तेवढेच, आकार तोच, मग इंडक्टन्स का बदलेल. बिघडला होता कॉइलचा क्यू, म्हणजे ती किती कमी तोट्यात, किती धारदार ट्यून होते ते, आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीवरचा क्यू हा मीटर दाखवत नाही. पण विक्रेते "टेस्ट एनी कॉइल" लिहून विकतात त्याचा राग येतो.

लिट्झ जोडायची कशी हे विचारणार म्हणून इथेच लिहितो. जुनं इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जळत नाही, आजची कॉइल वायर तशी जळते, पण ती वेगळी जात. पदर मोकळे करून बारीक, ६०० नंबरच्या पॉलिशपेपरच्या घडीत धरून हलकेच ओढायचे, एकेका बाजूने, तांबं चकाकेपर्यंत, आणि सगळे पदर टिन झालेत (सोल्डरचा थर बसलाय) की नाही ते भिंगातून बघायचं. एक जरी राहिला तरी ओहमला दिसतो. आणि ॲसिड फ्लक्स, ते पत्र्याच्या डब्यांना वापरतात ते, कॉइलच्या जवळसुद्धा आणू नका. हा हिरवा गंज बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीतल्या फ्लक्सचा आणि आपल्या पावसाळ्याचा मिळून झालेला असतो. कोकणातून, गोव्यातून आलेले सेट उघडले की कॉइल आधी बघायच्या त्या यासाठीच.

दुसरी गोष्ट जी हा मीटर कधीच पकडणार नाही ती म्हणजे हायटेन्शनखालचा बिघाड. सेट थंड, कॉइल टेबलावर, मीटर लावला, सगळं छान. सेटमध्ये मात्र त्याच आयएफटीच्या प्रायमरीवर दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी आणि शेजारच्या सेकंडरीवर जवळजवळ शून्य. काही आयएफटीच्या बुडाशी मायकाच्या एकाच पट्टीवर चांदीचे दोन कंडेन्सर बनवलेले असतात, वर्षानुवर्षं व्होल्टेज आणि दमट हवा मिळून ती चांदी मायकावरून सरकत जाते आणि मग सेटमधून लांबवर वीज कडाडल्यासारखी खरखर सुरू होते, एरियल काढली तरी चालूच. लोक व्हॉल्व्हला टिचक्या मारत बसतात. अशा आयएफटीची दोन्ही वाइंडिंग एलसी मीटरवर १.१, १.१, जुळ्या बहिणी. मी काय करतो, त्या आयएफटीच्या पुढचा व्हॉल्व्ह काढून त्याच्या ग्रिडच्या पिनवर (जिथून सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो) डीसी व्होल्टेज बघतो. तिथे पॉझिटिव्ह काही दिसायलाच नको. अर्धा व्होल्ट, पाऊण व्होल्ट असा काटा थरथरत असेल तर आतून गळती आहे. मग डबा उघडून मायकाची पट्टी काढायची आणि बाहेरून दोन नवे १०० किंवा ११० पिकोफॅरडचे सिल्व्हर मायका लावायचे, कॉइल तीच. एक सांभाळा, व्हॉल्व्ह काढून बघायचा हा प्रकार ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येच, मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये सगळ्यांचे फिलामेंट एका माळेत असतात, एक काढला की सगळेच विझतात. आणि त्या सेटची चासी (लोखंडी सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते, चासीला हात लावायच्या आधी शंभरदा विचार करा, आणि एलसी मीटर तर प्लग काढून, फिल्टरचे कंडेन्सर डिस्चार्ज करूनच लावायचा, चालू सेटवर लावलात तर मीटर जागच्या जागी मेला समजा, कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावलेला असेल तर तोही गेला.

मुळात कॉइलवर संशय घ्यायच्या आधी बँड स्विच साफ करा राव. मीडियमवेव्ह बंद, शॉर्टवेव्ह चालू, असं लक्षण दिसलं की लगेच "कॉइल ओपन" असा निकाल देतात, आणि निघतं काय तर स्विचचा काळा पडलेला कॉन्टॅक्ट. नंतर लीक झालेले कागदाचे कंडेन्सर. त्याच्यानंतर कॉइल. आणि ऑसिलेटर चालतोय का हे बघायला मीटरची गरजच नाही, सेटचा काटा ७९२ वर ठेवा, शेजारी छोटा ट्रान्झिस्टर १२४७ च्या आसपास लावून ठेवा, ७९२ अधिक ४५५, आणि सेटचा काटा हळूच इकडेतिकडे फिरवा, ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबली किंवा शिट्टी आली की ऑसिलेटर जिवंत आहे. काहीच झालं नाही तर ऑसिलेटर कॉइलचे ओहम बघायचे, दोन-चार ओहम यायला हवेत, अनंत दाखवलं तर ओपन. यात पैसे शून्य लागले.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठीही हा मीटर घेऊ नका. प्रायमरी तीनशे ते पाचशे ओहम, सेकंडरी एकच्या आत, बस. प्रायमरी ओपन असली की आउटपुट व्हॉल्व्हचा स्क्रीन ग्रिड लालभडक होतो, ते डोळ्यांनीच दिसतं, ताबडतोब बंद करायचं.

एवढं सगळं वाईट लिहून झालं, आता त्याने पैसे कुठे वसूल केले ते.

एक, गरम झाल्यावर बंद पडणारी कॉइल. सेट वीस मिनिटं छान वाजतो आणि मग मीडियमवेव्ह गायब, थंड झाला की परत सुरू. अशी कॉइल सोडवून मीटरला लावायची आणि लांबून हेअर ड्रायर मारायचा, मेण वितळू न देता. स्क्रीनवरचा आकडा आधी स्थिर असतो आणि मग एकाएकी उडतो, रेंजबाहेर जातो, ड्रायर बंद केला की परत येतो. असा आकडा उडताना समोर दिसला की वाद संपतो. ओहमवरही हे दिसतं म्हणा, पण इथे अर्धवट चिकटलेला सांधासुद्धा आकडा नाचवून दाखवतो.

दोन, रिवाइंडिंग. इथे या मीटरला पर्याय नाही. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार गुंडाळलेली मूळ कॉइल हाताने तशीच करणं जमत नाही, मशीन लागतं. आपण पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांच्या मध्ये तार नुसती भरत जातो, त्यामुळे मूळ वेढ्यांची संख्या माहीत असली तरी उपयोग नाही, भूमिती बदलली. अशा वेळी थोडे वेढे कमीच घालायचे आणि मोजायचं. समजा १०० वेढ्यांना १५० मायक्रोहेन्री आली आणि हवी १८०, तर इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, म्हणजे १.२ चं वर्गमूळ, साडेनऊ टक्के वेढे वाढवायचे, ११० ला येऊन पोचता. वाटल्यास चार जास्त घालून ट्रिमिंगच्या वेळी सोडवा. तार पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, नाहीतर जवळचा मोटर रिवाइंडिंगवाला ३८ गेजची तार वजनावर देतो, त्याच्यासाठी ती कचऱ्यातली असते. वरून मेण द्यायचं ते दमटपणा आत जाऊ नये म्हणून, पाण्यात विरघळणारा गोंद लावू नका, तो उलट दमट हवा शोषतो.

तीन, आणि हे मला सगळ्यात आवडलेलं. ऑसिलेटर कॉइलला दोन वाइंडिंग असतात आणि फीडबॅकचं वाइंडिंग उलटं जोडलं की ऑसिलेटर चालूच होत नाही, बाकी सगळं बरोबर असून. जुन्या चिकट कॉइलवर दिशा डोळ्यांनी ओळखता येत नाही. मग दोन्ही वाइंडिंग सिरीजमध्ये जोडून मोजा, एकदा असं, एकदा टोकं उलटवून. ज्या जोडणीत आकडा जास्त तिथे दोघांची दिशा एक. दोन आकड्यांतल्या फरकाला ४ ने भागलं की म्युच्युअल इंडक्टन्सही मिळतं, म्हणजे रिवाइंड करताना दोघांमधलं अंतर मूळच्याइतकं ठेवलंय का तेही तपासता येतं, फक्त मूळ कॉइल तोडायच्या आधी तिचे आकडे लिहून ठेवा.

चौथं किरकोळ, पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, कुणी मोडक्या सेटची चासी विकायला ठेवलेली असते, त्यावरच्या कॉइल घरी आणून कुठली कशाची हे लावायला मीटर झकास. पॉवरबँक असेल तर तिथेच उभ्या उभ्या मोजता येतं, विकणारा जरा विचित्र बघतो.

तक्रारी अजून दोन. बटणांवरची अक्षरं थोड्याच दिवसांत पुसली जातात, मी मार्करने परत लिहिली. आणि सोबत माहितीपत्रक म्हणून जो कागद येतो तो असून नसल्यासारखा, झिरो कधी करायचा हेसुद्धा धड लिहिलेलं नाही. मोजायच्या आधी कॉइलच्या आतला कोअर (फिरवून आत-बाहेर करायचा गाभा) कुठे आहे ते बघा, पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यात आकडा भरपूर हलतो. कोअर फिरवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालू नका, कोअरची खाच तुटते आणि तुटलेला कोअर काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. विणकामाची प्लॅस्टिकची सुई घासून चपटी केली की काम होतं.

पाचपैकी किती द्यायचे म्हटलं तर रिवाइंड करणाऱ्याने साडेचार समजा, नुसता बिघाड शोधणाऱ्याने दोन. दुसऱ्या गटातले असाल तर या पैशात चांगलं भिंग, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आणि ज्याचा ०.१ ओहम खरा येतो असा मल्टिमीटर घ्या. उघडा बोर्ड आणि डबीवाला यात डबीवाला घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी, कारण रेडिओच्या टेबलावर तारांचे तुकडे आणि सोल्डरचे थेंब पडलेले असतातच आणि उघडा बोर्ड त्यावर टेकला की संपला. वायरी मात्र दोन्हींच्या बदलाव्याच लागतात.